एकशे चौदा दिवसांचा हिशेब

डुक्कर हा शब्द आपल्या बोलण्यात येतो तो बहुधा कोणाला तरी उद्देशून, आणि तोही प्रेमाने नव्हे. ज्या वराहाने पृथ्वी सुळ्यावर तोलून पाण्यातून वर काढली त्याला आपण हात जोडतो, आणि त्याचेच भाऊबंद नाल्याकाठी दिसले की नाकाला रुमाल लावतो. अशा प्राण्याच्या गर्भारपणाविषयी, आणि त्या गर्भारपणावर घाला घालणाऱ्या विषाणूंविषयी, वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच. पण विषय दिसतो तितका परका नाही. निदान त्यातला एक विषाणू असा आहे की तो डुकरिणीच्या गर्भाशयात जे करतो तेच माणसाच्या लेकराच्या मेंदूत करू शकतो. त्याच्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

२०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली. त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. ईशान्येकडील डोंगराळ मुलखात घरटी एक-दोन डुकरे पाळण्याची चाल आहे, आणि तेथे गाभण डुकरीण म्हणजे घरचे बचतखातेच समजावे. पिले विकली की मुलांची फी भागते, छपरावर पत्रे चढतात. खरकटे, कोंडा आणि रानातला पाला एवढ्यावर ती पोसली जाते. अशा घरात एक वेत वाया गेले म्हणजे काय होते, हे निराळे सांगावयास नको.

आणि वेत वाया जाते ते कसे? डुकरीण आजारी पडली, तिने खाणे सोडले, असे काही झाले तर मालक सावध तरी होईल. पण येथे मौज अशी की बहुधा डुकरिणीला काहीच होत नाही. ती खाते, पिते, चिखलात लोळते. दिवस भरतात, ती विते, आणि दहा पिलांची अपेक्षा असता चार जिवंत निघतात. बाकीच्या ठिकाणी निघतात ते काळपट तपकिरी, वाळून कोळ झालेले गर्भ. एक बोटाएवढा, दुसरा वितीएवढा, तिसरा त्याहून थोडा मोठा. मालक म्हणतो, कोणाची दृष्ट लागली. शेजारी म्हणतो, नरच कमअस्सल होता. तिसरा म्हणतो, कुंपणावरून पडली असेल. खरा अपराधी येऊन गेला त्याला दोन-तीन महिने झालेले असतात. मात्र जाताना तो आपली तारीख मागे ठेवून गेलेला असतो, आणि ती वाचता येते. ती कशी वाचावयाची, हाच आजचा मुख्य विषय.

डुकरिणीचे गर्भारपण सुमारे ११४ दिवसांचे. पाश्चात्य वराहपालक ते बोटांवर मोजतात : तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. तिच्या गर्भाशयाला दोन लांबच लांब शिंगे असतात. आतड्यासारखी ती पोटात वेटोळी घालून राहतात, आणि त्यांत शेंगेतल्या दाण्यांप्रमाणे गर्भ एकामागे एक ओळीने बसतात. प्रत्येकाची पिशवी वेगळी, प्रत्येकाची वार वेगळी. या ११४ दिवसांत दोन तारखा ध्यानात ठेवाव्या : पस्तिसावा दिवस आणि सत्तरावा दिवस.

पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाची हाडे धरू लागतात. त्यापूर्वी जो गर्भ मरतो तो सबंध विरघळून आईच्या अंगात जिरतो. मागमूस उरत नाही. सगळेच गर्भ असे मेले तर डुकरीण पुन्हा माजावर येते, पण नेहमीच्या २१ दिवसांच्या पाळीला नव्हे, मध्येच कधी तरी अवेळी. थोडे जगले तर वेत लहान होते, आणि ‘या खेपेला कमी पिले झाली’ एवढ्यावर गोष्ट मिटते. पस्तिसाव्या दिवसानंतर मात्र हाडे जिरत नाहीत. मेलेल्या गर्भातले पाणी तेवढे शोषले जाते. गर्भाशयाचे तोंड बंद असते, आत सडवणारे जंतू नसतात, म्हणून तो कुजत नाही, वाळतो. मिसर देशातल्या ममीचेच नाव शास्त्रज्ञांनी त्याला दिले आहे. जिवंत भावंडांच्या शेजारी हा वाळका गर्भ दिवस भरेपर्यंत पडून राहतो आणि त्यांच्याबरोबरच बाहेर येतो.

सत्तराव्या दिवसाचे महत्त्व निराळे आहे. त्या सुमारास गर्भाला स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या जंतूला ओळखून धरणारी प्रथिने, तयार करण्याची शक्ती येते. तोवर तो निःशस्त्र असतो. कोणी विचारील की आईची प्रतिपिंडे त्याला मिळत नाहीत काय? माणसात मिळतात, आईच्या रक्तातून वारेच्या वाटे ती बाळाला पोहोचतात. डुकरिणीची वार तशी नाही. तिथे आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांमध्ये पेशींचे सहा थर आड येतात, आणि प्रतिपिंडे त्यांतून पार होत नाहीत. पिलाला ती मिळतात जन्मानंतर, चिकातून, आणि तीही पहिल्या एका दिवसातच. पुढे आतड्याचे ते दार बंद होते. गाईम्हशींचेही पुष्कळसे असेच आहे. आपण ज्या चिकाचा खरवस आवडीने खातो, ते खरे पाहता वासराचे चिलखत आहे. असो.

प्रतिपिंडांना बंद असलेली ही वाट काही विषाणू मात्र पेशीपेशींतून पोखरून काढतात. आईच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे असतील तर विषाणू वारेपर्यंत येण्यापूर्वीच धरला जातो. म्हणून गर्भाचे रक्षण करावयाचे तर ते डुकरीण फळविण्यापूर्वी आईच्या अंगात करून ठेवावे लागते. मागून केलेला उपाय गर्भापर्यंत पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष विषाणूंकडे येऊ. सर्वांत निमूटपणे काम करणारा म्हणजे डुकरांचा पार्व्होव्हायरस. ‘पार्व्हो’ म्हणजे लॅटिनमध्ये लहान, आणि तो आहेही तसाच : एका मिलिमीटरच्या लांबीत असे पन्नास हजार ओळीने बसतील. इतक्या लहानग्याजवळ स्वतःचे असे सामान थोडेच असते. पेशी दुभंगत असताना ती आपल्या वारशाच्या द्रव्याची प्रत काढते; त्याच वेळी तिची हत्यारे उसनी घेऊन हा आपल्या प्रती काढून घेतो. जी पेशी स्वस्थ बसली आहे तिला जागे करण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. मोठ्या डुकरिणीच्या अंगात बहुतेक पेशी स्वस्थ असतात, म्हणून तिला आजार जाणवत नाही. गर्भात मात्र प्रत्येक अवयवात पेशींचे दुभंगणे रात्रंदिवस चाललेले. वाढ जितकी जोमाची तितका नाश अधिक.

तो शेणातून, नाकातोंडातून, नराच्या रेतातूनही पसरतो. चिवट इतका की वराहशाळेच्या जमिनीवर महिनेच्या महिने टिकतो. उन्हाला आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही, ब्लीचिंगच्या द्रावणाला देतो. याचा परिणाम असा की एका जागी दोन-चार वर्षे राहिलेल्या डुकरिणींना तो कधी तरी होऊन गेलेला असतो आणि त्यांच्या अंगी जन्मभराचे संरक्षण आलेले असते. बळी पडतात त्या पहिलारू. ज्या कळपात थोरल्यांची वेते भरघोस आणि पहिलारूंची फसलेली, तेथे या विषाणूचा संशय पहिला घ्यावा.

आणि त्याची खूण पाहा. आईला लागण झाल्यावर दहा ते चौदा दिवसांनी तो एखाद-दुसऱ्या गर्भात शिरतो. तेथून शेजारच्या पिशवीत, तेथून पुढच्या. एकेक गर्भ वेगवेगळ्या दिवशी मरतो, म्हणून वाळलेले गर्भ जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या लांबीचे निघतात. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पट्टी लावली की मृत्यूच्या वेळचे वय कळते. सोळा-सतरा सेंटिमीटर म्हणजे साधारण सत्तर दिवस. समजा, सर्वांत लहान गर्भ दीड महिन्याचा भरला. म्हणजे त्याला लागण झाली त्याच्याही आधी, आणि आईला त्याच्या दोन आठवडे आधी. हिशेब जवळजवळ फळविण्याच्या दिवसांशी जाऊन भिडतो. मग विचारावयाचे की त्या सुमारास आवारात नवे कोण आले? उसना आणलेला नर? बाजारातून परतलेले जनावर? शेवटच्या ओळीतले जे गर्भ सत्तर दिवस ओलांडून गेले होते ते लागण होऊनही जगतात, धडधाकट जन्मतात, आणि चिकाचा थेंबही प्यायच्या आधी त्यांच्या रक्तात त्यांची स्वतःची प्रतिपिंडे सापडतात. वारेतून ती येऊच शकत नाहीत हे आपण पाहिलेच. तेव्हा साक्ष पक्की झाली.

हा विषाणू सापडला तोही गमतीने. १९६५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या हॉवर्ड डन यांनी मृतजन्म, वाळलेले गर्भ, भ्रूणमृत्यू आणि वांझपण या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘स्मेडी’ असे नाव केले, आणि आतड्यांत राहणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा ठपका ठेवला. त्याच सुमारास म्युनिकमध्ये मायर व माह्नेल यांना, स्वाइन फीवरचा विषाणू वाढविण्यासाठी ठेवलेल्या पेशींत, एक न बोलावलेला पाहुणा आढळला होता. पुढे १९६७ साली इंग्लंडमध्ये कार्टराइट व हक यांनी वांझपण आणि मृतजन्म यांनी त्रस्त झालेल्या कळपांतून विषाणू वेगळे केले, त्यांत हाच पाहुणा निघाला. स्मेडीचा मोठा वाटा याच्याच माथी आहे हे यथावकाश स्पष्ट झाले.

उपाय सोपा आहे. मारलेल्या विषाणूची लस मिळते. पहिलारूला फळविण्यापूर्वी तिचे दोन डोस द्यावयाचे. मात्र फार लवकर देऊन उपयोग नाही. चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे चार-सहा महिने रक्तात रेंगाळतात आणि लसीलाच गिळून टाकतात. लस येण्यापूर्वी जाणते पालक पहिलारूंना फळविण्याआधी काही आठवडे थोरल्या डुकरिणींच्या आवारात, त्यांच्या शेणात मुद्दाम नांदवीत. त्यामागचा हेतू पूर्णपणे शास्त्रशुद्ध होता. धोका एवढाच की त्या शेणातून काय काय जाईल ते हाती राहत नाही.

स्वाइन फीवरचे प्रकरण अधिक कपटी. हा रोग एरवी मोठ्या डुकरांनाही ज्वराने आडवे करतो आणि आपल्या ईशान्य भागात त्याने पिढ्यान्पिढ्या नुकसान केले आहे. पण विषाणूची जात सौम्य असली आणि गाभण डुकरिणीला तो साधारण पन्नास ते सत्तर दिवसांच्या दरम्यान गाठला, तर एक विलक्षण घटना घडते. गर्भाची संरक्षणव्यवस्था त्या वेळी ‘आपले कोण, परके कोण’ हे शिकत असते. नेमक्या त्या धड्याच्या वेळी विषाणू घरात हजर असल्यामुळे ती त्यालाही आपल्यातच धरते. पिलू जन्मते ते दिसायला निरोगी. त्याच्या रक्तात विषाणू खच्चून भरलेला, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड एकही नाही. काही महिने ते वाढते, लाळेतून आणि मलमूत्रातून विषाणू पेरीत हिंडते, मग खंगून मरते. प्रतिपिंडांच्या तपासणीवर भिस्त ठेवणारा अशा पिलाला निर्दोष ठरवील! तपासावयाचा तो विषाणूच. भारतात या रोगावरची जुनी लस सशात वाढवीत. एका सशाच्या प्लीहेपासून सुमारे पन्नास मात्रा निघत, त्यामुळे ती गरजेच्या मानाने फारच तुटपुंजी पडे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींत वाढविलेली लस तयार केली आणि ती २०२० साली पुढे आली. सशांचाही दुवा लाभला असेल.

हंगेरीच्या औयेस्की यांनी १९०२ साली वर्णन केलेला नागीण-कुळातला विषाणूही गाभ टाकायला लावतो. तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो, म्हणून त्याला हुडकणे अवघड. एक जनुक गाळलेली लस काढून शास्त्रज्ञांनी लस दिलेले जनावर आणि लागण झालेले जनावर यांत फरक करता येईल असे केले, आणि त्या युक्तीच्या बळावर २००४ पर्यंत अमेरिकेतले व्यापारी कळप त्यापासून मुक्त झाले.

याउलट ज्याने सगळ्यांना दमविले तो रोग म्हणजे पी. आर. आर. एस.; पुनरुत्पादन आणि श्वसन या दोन्हींवर घाला घालणारा म्हणून हे लांबलचक नाव. १९८७ साली तो अमेरिकेत प्रथम लक्षात आला तेव्हा कारणच कळेना, म्हणून लोक त्याला ‘गूढ रोग’ म्हणत. काही जनावरांचे कान निळे पडत, म्हणून इंग्लंडात ‘निळा कान’. १९९० च्या अखेरीस तो जर्मनीत उपटला. १९९१ साली नेदरलंड्समधल्या लेलिस्टाड येथे वेन्सव्होर्ट यांच्या पथकाने विषाणू पकडला. पुढल्या वर्षी अमेरिकेतलाही हाती आला. दोन्ही ताडून पाहता त्यांच्या वारशाच्या लिपीत जेमतेम साठ टक्के साम्य निघाले. म्हणजे दोन खंडांत, जवळजवळ एकाच वेळी, दोन दूरचे चुलतभाऊ डुकरांवर चालून आले होते.

आमची पस्तीस-सत्तरची मोजपट्टी या विषाणूला नीट लागू पडत नाही. त्याची धाड येते गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. डुकरीण दोन-चार दिवस खाणे टाकते, आणि दिवस भरायला आठवडा असताना गाभ टाकते. किंवा पिले जन्मतात ती मलूल, आचळही न धरणारी. त्या वयात गर्भ स्वतः लढू शकतो खरा, पण विषाणू घाव घालतो तो वार आणि गर्भाशय यांच्या सांध्यावर. तेथल्या पेशी मरतात, सांधा सुटतो, मग आत लढवय्या असून काय करणार? शिवाय हा ज्या पेशींत वाढतो त्याच मुळी जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी. चीनमध्ये २००६ साली याची एक उग्र जात पसरली. भारतात तो २०१३ साली मिझोराममध्ये प्रथम सापडला. लशी आहेत, पण विषाणू इतक्या झपाट्याने रूप पालटतो की त्यांचा भरवसा अर्धामुर्धाच.

येथे मिसूरी विद्यापीठातल्या रँडल प्राथर यांच्या पथकाने वेगळी वाट धरली. विषाणू पहारेकरी पेशीत शिरतो तो ‘सीडी १६३’ नावाच्या एका प्रथिनाची कडी धरून. ती कडीच काढून टाकलेली डुकरे त्यांनी घडविली, आणि २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना रोग लागलाच नाही. २०१७ साली तर असे दाखविले गेले की कडी आईची काढलेली असली म्हणजे पुरते. पोटातल्या गर्भांना ती असली तरी विषाणू त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आई धरली गेली नाही तर गर्भ वाचतो, हे आपले मघाचेच सूत्र येथे दुसऱ्या वाटेने सिद्ध झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा डुकरांना मान्यता दिली. आमच्या मते ही गोष्ट लहान नाही. मात्र अशी जनावरे मोठ्या कंपन्यांच्या गोठ्यात आधी जातील आणि मिझोरामच्या डोंगरावरच्या बाईच्या परसात केव्हा पोहोचतील, हे कोणी सांगावे?

आता त्या विषाणूकडे वळू, ज्याचा उल्लेख आरंभी केला. जपानी मेंदूज्वराचा विषाणू वस्तुतः बगळ्यांच्या आणि पाणपक्ष्यांच्या जगातला. भातखाचरातल्या साचल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास तो पक्ष्यांपासून डुकराला देतो. डुकराच्या रक्तात तो तीन-चार दिवस इतका माजतो की चावणारा प्रत्येक नवा डास त्याचा वाहक व्हावा. डुक्कर स्वतः ठणठणीत राहते. त्याच डासांपैकी एखादा माणसाला चावतो. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्या थोड्यांच्या मेंदूत विषाणू उतरतो, त्यांत मुले फार, आणि त्यांतली कितीएक दगावतात किंवा जन्माची अधू होतात. २००५ साली गोरखपूरच्या आसमंतात आलेल्या साथीत हजाराहून अधिक जीव गेले. १९५५ साली वेलोरकडे या रोगाचे रुग्ण ओळखले गेले तेव्हापासून पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र त्याच्या मागावर आहे. १९५२ साली स्थापन झालेली तीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. कर्नाटकातल्या कोलारच्या साथीतून या संस्थेने मिळविलेल्या विषाणूपासून २०१३ मध्ये भारतीय लस तयार झाली.

गाभण डुकरिणीत मात्र हा विषाणू उघडा पडतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या डुकरिणीला पहिल्या साठ-सत्तर दिवसांत तो लागला तर वाळलेले गर्भ निघतात, मेलेली पिले निघतात, आणि काही जिवंत निघतात ती लटलट कापणारी, डोक्यात पाणी झालेली. पार्व्होपेक्षा येथे दोन गोष्टी वेगळ्या : पावसाडासांच्या मागोमाग येणारा हंगाम, आणि मेंदूवरच्या या खुणा. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या आरंभी, अतिवृष्टीच्या उन्हाळ्यानंतर, क्वीन्सलंडपासून व्हिक्टोरियापर्यंतच्या वराहशाळांत अशी वेते पडू लागली. मुख्य भूमीच्या त्या भागात हा रोग कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पिले प्रयोगशाळेत गेली, निदान झाले, आणि मग इस्पितळांतल्या मेंदूज्वराच्या रोग्यांचे रक्त त्या दृष्टीने तपासले जाऊ लागले. ८० हून अधिक वराहशाळा बाधित निघाल्या. माणसांत चाळीसहून अधिक रुग्ण आणि ७ मृत्यू. वाळलेले गर्भ कोणी खड्ड्यात पुरून टाकले असते तर तो आकडा कोठे गेला असता, याचा तर्कच करावा. जपानने १९६५ पासून कत्तलखान्यात येणाऱ्या डुकरांचे रक्त दर उन्हाळ्यात तपासून विषाणू कोणत्या प्रांतात पोहोचला ते पाहण्याची रीत ठेवली आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग गावातली डुकरे हाकलून द्या. नगरपालिका मधूनमधून तसे करतातही. पण गावातून हुसकलेली डुकरे जातात ती वेशीबाहेर, म्हणजे पाणथळीच्या आणि भातखाचरांच्या जवळ, डासांच्या ऐन घरी. त्यापेक्षा मुलांना लस टोचणे, आणि डुकरे बंदिस्त व जाळीआड ठेवणे बरे.

जो डुकरे पाळतो त्याने करावयाचे थोडेच आहे. वेत फसले तर मेलेली पिले आणि वाळलेले गर्भ उकिरड्यावर फेकू नयेत. हातमोजे घालून ती दुहेरी पिशवीत बांधावी, बर्फात ठेवावी पण गोठवू नयेत, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासणीला धाडावी. महाराष्ट्रात पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे. सर्वांत छान दिसणारा एकच गर्भ निवडून पाठवू नये. लहानमोठे सगळे पाठवावे, कारण लांबीच्या पायऱ्यांतच तारीख लिहिलेली असते. सोबतच्या चिठ्ठीत डुकरीण फळविल्याचा दिवस, हे तिचे कितवे वेत, आणि त्या चार महिन्यांत आवारात कोण नवे जनावर आले, एवढे लिहिले म्हणजे पुरे.